साखळीपासून उपग्रहापर्यंत : मुंबई उपनगरातल्या खाजणांची मोजणी



गेल्या पावसाळ्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. "उपग्रहावरून पीक बघतात म्हणे, मग त्यांना माझं शेत दिसतं तरी कसं? आणि त्यांचा नकाशा चुकला तर आपण काय दाखवायचं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर दोन ओळींत बसत नाही. म्हणून आजची नोंद जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

उत्तर शोधायला मी तुम्हाला मुंबई उपनगरात नेणार आहे. शेतीच्या पानावर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर कशाला, असं वाटेल. पण आकाशातून काढलेला नकाशा आणि आपला गावनकाशा यांची मोठी गाठ पडली ती याच भागातल्या खाजणांवर. तिथं जे घडलं, ते आता आमच्या रायगडच्या खारपट्ट्यात घडतंय. उद्या तुमच्या शिवारातही त्याचा संबंध येणार आहे.

आधी साखळी

गुंठा म्हणजे किती? ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. हा ३३ चा आकडा आला मोजणीच्या साखळीतून. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातली साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तीच पुढं इलाखाभर गेली. आजही भूमी अभिलेखाच्या कपाटातलं जुनं टिपण उघडलं की साखळी आणि आणे दिसतात.

ही मोजणी कशासाठी होती, हे मात्र विसरू नका. सारा वसूल करायला. त्यामुळं पिकाच्या जमिनीचा बांध न् बांध नोंदला गेला. ज्या जमिनीतून सारा येत नव्हता, तिथं मोजणीदाराची साखळी फारशी फिरली नाही. खाडी, खाजण, तिवरांचं रान यांच्या जागी नकाशावर बहुतेक वेळा कोरी जागा आणि एखादा शब्द. एवढंच.

मुंबईच्या उत्तरेचं साष्टी बेट अशा कोऱ्या जागांनी वेढलेलं होतं. पोर्तुगीजांकडून ते मराठ्यांनी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत घेतलं, १७७४ मध्ये मराठ्यांकडून इंग्रजांनी. मधे डोंगर, डोंगराच्या पायथ्याला भातखाचरं, त्याखाली मिठागरं आणि खाजण, मग खाडी. घाटकोपर ते मुलुंड रेल्वेनं जाताना आजही हा क्रम ओळखू येतो. रुळांच्या पश्चिमेला डोंगराची बाजू, पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी. बोरिवली, अंधेरीच्या बाजूला हेच उलटं : पूर्वेला डोंगर, पश्चिमेला गोराई, मालाड, वर्सोव्याच्या खाड्या. १९२० मध्ये उपनगर जिल्हा झाला, १९९० मध्ये तो नव्यानं वेगळा काढला. अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके. मुलुंड, घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. इमारती कितीही उंच झाल्या तरी महसुली दप्तरात ही अजून "मौजे" आहेत.

शेतजमिनीसाठी जन्मलेलं शास्त्र

ज्याला आज जीआयएस म्हणतात, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, ती शहरासाठी किंवा लष्करासाठी जन्मली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९६० च्या दशकात कॅनडा सरकारला देशभरची जमीन तपासायची होती. कुठली शेतीला योग्य, कुठली जंगलाला, कुठली चराईला. हजारो नकाशे हातानं एकमेकांवर ठेवून बघायला माणसं पुरेनात. तेव्हा रॉजर टॉमलिन्सन नावाच्या भूगोलतज्ज्ञानं ते काम संगणकाकडून करून घेतलं. जगातली पहिली जीआयएस ती. शेतजमिनीची प्रत ठरवायला केलेली.

कल्पना तशी आपल्या ओळखीची आहे. ट्रेसिंगच्या कागदावर गावनकाशा काढा. दुसऱ्या कागदावर मातीचा नकाशा, तिसऱ्यावर पाण्याचा, चौथ्यावर आजचं पीक. चारही कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरा. काळी माती, पाणी आणि भात कुठं एकत्र येतात ते दिसेल. संगणक हेच करतो, फक्त कागद लाखभर असले तरी तो थकत नाही. दोन वर्षांचे कागद एकमेकांवर ठेवले तर काय बदललं ते कळतं. एखाद्या वस्तूभोवती ठरावीक अंतराची रेघ मारली तर त्या रेघेत काय काय येतं ते कळतं. बहुतेक विश्लेषण याच दोन-तीन कृतींवर उभं आहे.

आकाशातून बघण्याचं आपल्याकडचं पहिलं कामही शेतीचंच. १९७० च्या सुमारास पिषारोथ रामा पिषारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढले. हे पिषारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. निरोगी पान तांबडा प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. रोगट पान तेवढा फेकत नाही. जमिनीवरून झाड ठीक दिसत असतानाही फिल्मवर रोग दिसू शकतो. आज पिकाची "हिरवळ" मोजतात ती याच तत्त्वावर.

ठिपका किती गुंठ्यांचा?

उपग्रहाचं चित्र ठिपक्यांचं बनतं. एका ठिपक्यात जे जे असेल त्याची सरासरी होऊन एकच रंग मिळतो. म्हणून "उपग्रहाला माझं शेत दिसतं का" याचं उत्तर ठिपक्याच्या मापात आहे. मी हे माप गुंठ्यात मांडून ठेवलंय :

१९७२ चा पहिला लँडसॅट : ठिपका सुमारे ८० मीटरचा. म्हणजे ६३ गुंठे, दीड एकराहून जास्त.

१९८८ चा आपला आयआरएस-१ए : त्याच्या बारीक कॅमेऱ्याचा ठिपका ३६ मीटरचा. म्हणजे १३ गुंठे.

१९९५ चा आयआरएस-१सी : २३.५ मीटर. म्हणजे साडेपाच गुंठे.

२०१५ चा युरोपचा सेंटिनेल-२ : १० मीटर. म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा.

साखळीचा चौरस आणि आकाशातला ठिपका, दोन्ही आज एकाच मापाला आले आहेत. पण सेंटिनेलच्या एका ठिपक्यात अर्धा बांध, चार आंबे आणि थोडं भात असेल तर तो ठिपका ना धड भाताचा, ना धड आंब्याचा. तुकड्यांच्या शेतीत ही अडचण कायम राहते. कृषी खात्यातल्या मित्रांनी पाच-सहा गुंठ्यांच्या वाफ्यावर उपग्रहाचा आकडा लावताना हे ध्यानात ठेवावं.

चित्रं आली तशी ती वाचणारी माणसंही तयार झाली. पवईच्या आयआयटीत दूरसंवेदनाचं केंद्र १९७६ मध्येच सुरू झालं होतं. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, ज्याला सगळे एमआरसॅक म्हणतात, ते १९८८ चं.

कोऱ्या जागेत रंग भरला तेव्हा

मुंबईभोवतीच्या तिवरांचा हिशेब संशोधकांनी १९९० आणि २००१ ची चित्रं एकमेकांवर ठेवून केला. २००५ मध्ये तो छापून आला. अकरा वर्षांत सुमारे ३६ चौरस किलोमीटर खारफुटी गेलेली. आपल्या भाषेत जवळपास ९ हजार एकर, होती त्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास.

ती जाते कशी, हे खारपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिवराला रोज भरतीचं पाणी लागतं. पाणी यायच्या वाटेवर मातीचा बांध घाला, झाड उभ्या उभ्या वाळतं. मग राडारोड्याचे ट्रक येतात. दोन-तीन वर्षांत ती "पडीक" जमीन दिसायला लागते. प्रत्येक टप्प्याला वेगळं कारण सांगता येतं. पण चित्रं ओळीनं लावली की हिरवा, करडा, पांढरा असा क्रम लपत नाही.

२००५ हे वर्ष दोन गोष्टींसाठी लक्षात ठेवा. पहिली २६ जुलैची. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. अंतर पंचवीसेक किलोमीटर. एकाच शहरात तेरापट फरक. त्यानंतर महापालिकेनं जागोजागी, अग्निशमन केंद्रांच्या छतांवरसुद्धा, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. आपल्याकडं दोन हजारांवर महसूल मंडळांत हवामान केंद्रं आहेत आणि विम्याची भरपाई त्या आकड्यावर अडते. मंडळाच्या एका टोकाला ढगफुटी आणि केंद्रावर भुरभुर, असं झालं की शेतकरी ओरडतो आणि त्याला खोटं ठरवतात. त्यांना सांताक्रूझ आणि कुलाबा सांगा.

दुसरी गोष्ट ६ ऑक्टोबरची. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली. जमीन कुणाच्याही मालकीची असो, खारफुटीपासून ५० मीटरच्या आत बांधकाम बंद. आणि सगळ्या खारफुटीचे नकाशे उपग्रहावरून करा, सरकारी जमिनीवरची संरक्षित वन म्हणून जाहीर करा, खासगी जमिनीवरचीही वन म्हणून नोंदवा, असा आदेश दिला. नकाशाचं काम एमआरसॅककडं आलं. २०१८ च्या सप्टेंबरात अंतिम निकालानं हे कायम केलं.

आता ५० मीटरचा हिशेब बघा. १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे एक गुंठा खारफुटी आहे असं धरा. तिच्या चारी बाजूंनी ५० मीटरची रेघ ओढली, कोपरे गोलाकार ठेवले, तर आतलं क्षेत्र भरतं सुमारे ९,९५० चौरस मीटर. म्हणजे अठ्ठ्याण्णव गुंठे, जवळपास अडीच एकर. एका गुंठ्याच्या तिवरानं अडीच एकराचं भवितव्य ठरतं. नकाशात एक ठिपका हिरवा लागला की नाही, याला एवढी किंमत आहे.

दोन नकाशे जुळवताना

उपग्रहाच्या चित्राला अक्षांश-रेखांश असतात. गावनकाशाला नसतात. त्याला असतात बांध, दगड, विहीर, ओढा. मग चित्रातली खारफुटी कुठल्या सर्व्हे नंबरात येते, हे सांगायचं तर दोन्हींवर एकच खूण सापडायला हवी. गावाबाहेर हे सोपं असतं. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनं देऊळ, नाल्याचं वळण. उपनगरात दगड इमारतीखाली गेलेला, नाला वळवलेला, विहीर बुजवलेली. त्यात जुना कागद आकसलेला, घडीवर फाटलेला. एक किलोमीटरच्या हद्दीवर नकाशा दहा मीटर सरकला तर एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर इकडचं तिकडं होतं. म्हणून यंत्राच्या नकाशानंतरही माणसाला चिखलात उतरून खात्री करावीच लागते.

चित्र कधीचं, हेही महत्त्वाचं. भरतीच्या वेळचं असेल तर लहान रोपं पाण्याखाली, नकाशात नाहीत. ऑक्टोबरातलं असेल तर उभं भात आणि तिवर दोन्ही हिरवे, गल्लत होते. जानेवारी-फेब्रुवारीत भात कापलेलं, खाचर सुकलेलं, तेव्हा हिरवं आणि ओलं उरतं ते खारफुटीच. पावसाळ्यात तर ढगांमुळं साधा कॅमेरा आंधळाच. तेव्हा रडारचे उपग्रह कामाला येतात.

नकाशा साक्षीला उभा राहिला

२०१२ मध्ये वन खात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीची १,६९० हेक्टर जागा फ्लेमिंगो अभयारण्य झाली, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन. २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१५ च्या अहवालात राज्याची खारफुटी २२२ चौरस किलोमीटर होती, २०१७ च्या अहवालात ३०४.

दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर! कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण शेतकऱ्यानं दोन प्रश्न विचारावेत. हा अहवाल एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा धरत नाही. मग विरळ रान थोडं दाटलं तरी ते एकदम हिशेबात येऊ शकतं. आणि वाढलं कुठं? ठाणे खाडीच्या काठानं गाळ साचत जातो, त्या नव्या गाळावर तिवर उगवतं. पश्चिमेला वर्सोवा-मालाडकडं गेलेलं रान पूर्वेच्या गाळावर उगवलेल्या रानानं भरून निघत नाही, कारण लाट आणि पूर अडवायचा असतो त्या त्या जागी. राज्याची बेरीज वाढली म्हणून वस्तीजवळची ढाल परत येत नसते.

नकाशाची ताकद कांजूरला दिसली. मुलुंड आणि घाटकोपरच्या मधे, खाडीकाठची जवळपास १२० हेक्टर जमीन. २००८ मध्ये ती संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. २००९ मध्ये ती चुकून घेतली म्हणून वगळली गेली, आणि तिथं शहराचा कचरा टाकायची सोय झाली. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं ते वगळणं रद्द केलं. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल काहीही लागो, एक गोष्ट पक्की. अशा भांडणात "तिथं काय होतं" यापेक्षा "अमुक तारखेला तिथं काय होतं" हा प्रश्न मोठा असतो.

आता आपल्याकडं

माझं खारभात आहे. बांधाबाहेर खाडी, बांधात उघाडी, आत भात. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी शेतात शिरतं. पाण्याबरोबर तिवराचं बी येतं. पहिलं वर्ष भात जातं, दुसऱ्या वर्षी कोणी पेरत नाही, पाच-सात वर्षांत डोक्याएवढी तिवरं. आमच्या शिवारात एका खांडीसाठी सगळ्यांनी मिळून अर्ज केले, पोच घेतली, खांड वेळेवर बुजली नाही. आज तिथं उपग्रहाला जंगल दिसतं. ते खोटं नाही. जंगल आहेच. पण सातबाऱ्यावर माणसं आहेत, आणि त्यांच्या आजोबांनी तिथं भात झोडलंय.

मी तिवरांच्या विरोधात नाही. बांधाच्या बाहेर तिवर हवंच. लाटेचा मार ते खातं, म्हणून बांध टिकतो. निवट्या, खेकडा, कोळंबी त्याच्याच मुळांत वाढतात. बाहेरची तिवरं तोडणाऱ्याचा बांध आधी फुटतो, हे आमच्या म्हाताऱ्यांना न्यायालयाच्या आधीपासून ठाऊक होतं. तिवर बाहेर हवं, आत नको. अडचण अशी की आत आणि बाहेर हे ठरवणारा बांध दोन-तीन मीटरचा असतो, आणि ठिपका दहा मीटरचा. आकाशातून तिवर दिसतं, फुटलेला बांध सुटून जातो.

यावर उपाय आकाशातच आहे. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची जपलेली आहेत आणि २००८ पासून कुणालाही फुकट मिळतात. सेंटिनेलची फुकट, इस्रोच्या भुवनवरही बघता येतात. २००० सालच्या फेब्रुवारीत तुमच्या खाचराचा रंग कापलेल्या भाताचा होता आणि २०१२ नंतर हिरवा होत गेला, हे त्या चित्रांतून दाखवता येतं. त्याच वर्षांचा गाव नमुना बारा, पीक पाहणीची नोंद आणि खांडीच्या अर्जाची पोच तिच्याशेजारी ठेवा. तीन कागद एकमेकांवर बसले की ते विश्लेषणच झालं. टॉमलिन्सननं याहून वेगळं काय केलं?

म्हणून काही गोष्टी करायला सांगतो. दरवर्षी मेमध्ये आणि पीक उभं असताना शेताच्या चारी कोपऱ्यांवरून अक्षांश-रेखांश आणि तारीख उमटेल असा फोटो काढा. ई-पीक पाहणी स्वतः करा, दुसऱ्यावर सोडू नका. मोजणी रोव्हरनं झाली असेल तर हद्दीच्या बिंदूंचे आकडे मागून घ्या. बांध फुटला, ओढा सरकला, दरड आली, तर त्याच आठवड्यात तारखेसह लेखी कळवा आणि पोच जपा. गावात कृषी पदवीधर मुलगा-मुलगी असेल तर जुनी चित्रं उतरवून घ्यायचं काम त्यांच्याकडं द्या. दोन दिवसांचं काम आहे.

दीडशे वर्षांपूर्वी साखळी घेऊन आलेल्या मोजणीदारामागं गावचा पाटील आणि शेजारी हद्द दाखवत चालत होते. ज्याच्या बाजूनं कुणी चाललं नाही, त्याचा बांध सरकला. उपग्रहामागं चालता येत नाही, पण त्याच्या नकाशाशेजारी ठेवायला आपली नोंद असू शकते.

खारपट्ट्यातल्या मंडळींनी आपल्याकडच्या खांडींची साल आणि अंदाजे क्षेत्र कळवावं. एक यादी करायला घेतली आहे. पुढच्या नोंदीत जुनी चित्रं मोबाईलवर कशी बघायची ते टप्प्याटप्प्यानं लिहितो.